‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’: दर तीन महिन्यांनी परत येणारी डेबियनची कुरकुर

मिरजेत मामाचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं. आख्खी गल्ली विंडोजवरच्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालते, पण मामेभावाने हट्टाने एक मशीन डेबियनवर, म्हणजे विंडोजऐवजी एका लिनक्सवर, ठेवलंय. त्या हट्टाला खतपाणी मीच घातलेलं, त्यामुळे काही अडलं की पुण्यात माझा फोन वाजतो.

“दादा, परत तेच आलं बघ.”

“काय आलंय ते वाच. अर्थ सांगू नकोस, नुसतं वाच.”

“यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.”

“ती शेवटची ओळ झाली. त्याच्या वरचं?”

“वर काय, बरंच काहीबाही आहे.”

मागचे सहा महिने आमचं घोडं तिथंच अडलेलं होतं. तो शेवटची ओळ वाचायचा, मी त्या ओळीवरचं औषध सांगायचो, आणि खरी तक्रार त्या ‘काहीबाही’मध्ये पडून राहायची. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा त्याचा एखादा भाग, बसवताना हाच त्रास डेबियन किंवा त्याच्यावर बेतलेल्या उबुंटूवर पुन्हा पुन्हा होत असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे. कमांड फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि बदल करणाऱ्या कमांडच्या आधी ‘सुडो’ लावायचं, म्हणजे ती ॲडमिनच्या अधिकाराने चालते.

पहिल्यांदा हे आलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. एका लेखकाने जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर दिला होता. तो बदलून देणारं छोटं सॉफ्टवेअर विंडोजचं, तेही ३२ बिटचं, म्हणून असे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन३२’ हवं होतं. ते बसेना. शेवटी शेजारच्या दुकानात जाऊन काम उरकलं आणि आम्ही विषय सोडून दिला. मे महिन्यात एक टूल कंपाइल करायला, म्हणजे त्याच्या सोर्स कोडपासून बांधायला, ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा कंपायलरचा संच हवा होता, तोही बसेना. ऑगस्टमध्ये नवा लेझर प्रिंटर आला, त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर ३२ बिटच्या डेब फाइलीत (डेब म्हणजे डेबियनच्या पॅकेजची फाइल). तो ‘डीपीकेजी -आय’ने, म्हणजे एकटी डेब थेट बसवणाऱ्या कमांडने, टाकला की अर्धवट बसायचा. मग ॲप्टने, म्हणजे रेपोंमधून (इंटरनेटवरच्या साठ्यांमधून) पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, काहीही बसवायला गेलं की ॲप्ट म्हणायचं, आधी ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवा. ते चालवलं की ॲप्ट ड्रायव्हरच काढून टाकायचं. पुन्हा डेब टाकायची, पुन्हा तोच फेरा. पोराने चार वेळा केलं. पाचव्यांदा त्याने प्रिंटरच बदलून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं थांब, हे प्रिंटरचं नाही.

मीही या तिन्ही गोष्टी इतके दिवस वेगळ्या समजत होतो. वाइन वेगळं, कंपायलर वेगळा, प्रिंटर वेगळा. चूक माझीच.

‘फिक्स-ब्रोकन’ने काय दुरुस्त होतं तेवढं आधी सांगतो, कारण नेटवरचा प्रत्येक सल्ला त्यानेच सुरू होतो. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली, मध्येच खिडकी बंद केली, एखादं पॅकेज उघडलं पण कॉन्फिगर झालं नाही, अशा वेळी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि पाठोपाठ ‘फिक्स-ब्रोकन’ हे बरोबर औषध आहे. पण एखाद्या पॅकेजला लागणारी गोष्ट तुमच्या रेपोंमधून मिळणंच शक्य नसेल, तर ॲप्टपुढे एकच मार्ग उरतो, ते पॅकेज उचलून बाहेर ठेवायचं. हिशेब जुळला, पण आपलं काम झालं नाही. म्हणून ती कमांड ‘काय काय काढणार’ म्हणून जी यादी दाखवते ती वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये. आमच्याकडे चार वेळा दाबलं गेलं.

‘हेल्ड’ या शब्दानेही आम्हाला चकवलं. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ करून एखादं पॅकेज गोठवता येतं, म्हणून वाटतं की कुणीतरी काहीतरी गोठवून ठेवलंय. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवून बघावं, यादी आली तर कारण मिळालं. आमची यादी कोरी होती. बहुतेकांची कोरीच असते. त्या संदेशाचा खरा अर्थ इतकाच, की मागितलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळवता येईनात.

आता वरचं काहीबाही. त्या दिवशी मी त्याला सगळं स्क्रीनवरचं फोटो काढून पाठवायला लावलं. लिबसी ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी पायाभूत लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमनी वाटून वापरायचा कोड), आणि आय३८६ म्हणजे ३२ बिट. मधोमध एक ओळ होती: ‘लिबसी६:आय३८६’ म्हणतंय मी २.३६ आहे आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही आवृत्तीचं ‘लिबसी६’ मला चालत नाही. पण बसणार आहे २.४०.

इथे माझी ट्यूब पेटली. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, याच्यात लिबसीची आवृत्ती २.३६. मग या मशीनवर २.४० आली कुठून?

“आता ‘ॲप्ट पॉलिसी लिबसी६’ दे.”

या एका कमांडने निम्मं काम होतं, म्हणून ती कशी वाचायची ते नीट बघा. सगळ्यात वर ‘इन्स्टॉल्ड’, म्हणजे आत्ता बसलेली आवृत्ती. खाली ‘कँडिडेट’, म्हणजे ॲप्टच्या मते बसायला हवी ती. त्याखाली आवृत्त्यांचा तक्ता, आणि प्रत्येक आवृत्तीखाली ती कुठून मिळते त्याचा पत्ता, त्या पत्त्याच्या आधी एक आकडा. नेहमीच्या रेपोचा आकडा ५००. तीन चांदण्या असतात ती बसलेली आवृत्ती. आमच्या चांदण्या २.४० वर होत्या आणि तिच्याखाली एकच पत्ता होता: १००, ‘व्हार लिब डीपीकेजी स्टेटस’. तो पत्ता रेपोचा नाही, मशीनच्या स्वतःच्या नोंदवहीचा आहे. म्हणजे ही आवृत्ती मशीनवर आहे, पण आत्ता जोडलेल्या कुठल्याही रेपोत नाही. खाली २.३६ होती, तिच्याखाली डेबियनचे व्यवस्थित पत्ते, ५०० वाले.

रेपोतली आवृत्ती ५०० ची आणि बसलेली १०० ची, तरी ॲप्ट २.३६ का बसवत नाही? कारण १००० किंवा त्याहून मोठा आकडा असल्याशिवाय ॲप्ट आपणहून कधीही मागे जात नाही. त्यामुळे हे मशीन २.४० वर अडकलेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे लिबसीचे बुकवर्मसाठी निघालेले सुरक्षेचे अपडेट याच्यापर्यंत पोचतच नव्हते, कारण ते सगळे २.३६ च्या पोटातले. ‘ॲप्ट अपग्रेड’ दर आठवड्याला सांगत होतं की सगळं अद्ययावत आहे.

असं अनाथ पॅकेज एकटं नसतं. ‘ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड’ चालवायचं आणि त्यातून ‘लोकल’ शब्द असलेल्या ओळी ‘ग्रेप’ने गाळून घ्यायच्या. आपण हाताने टाकलेल्या एकदोन डेब तिथे असणं स्वाभाविक आहे. आमच्याकडे सत्तरच्या वर ओळी आल्या. बऱ्याच नावांच्या शेवटी ‘टी६४’ असं शेपूट होतं. ते शेपूट बघून मला तारखेचाही अंदाज आला. ३२ बिटमधली वेळेची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून डेबियनने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररी ६४ बिटच्या वेळेवर नेल्या आणि त्यांची नावं बदलली. बुकवर्ममध्ये ही नावं नाहीतच. म्हणजे कुणीतरी २०२४ नंतर टेस्टिंगमधून, म्हणजे डेबियनच्या पुढच्या, अजून तयार होत असलेल्या रिलीजमधून, माल आणला होता.

“मी काही केलेलं नाही, दादा.”

“तू केलंस असं कुठं म्हणतोय? ‘व्हार लॉग ॲप्ट’मध्ये जा.”

त्या फोल्डरमध्ये ‘हिस्टरी.लॉग’ असतो. दर महिन्याला तो गुंडाळून बाजूला ठेवला जातो आणि अशा बारा गुंडाळ्या राहतात, म्हणजे साधारण वर्षभराची कुंडली हाताशी. गुंडाळलेल्या फाइलींत ‘झेडग्रेप’ने शोधता येतं. आम्ही ‘टेस्टिंग’ शोधलं. एकच ओळ आली.

स्टार्ट-डेट: २०२५-०१-१९. कमांडलाइन: ॲप्ट इन्स्टॉल -टी टेस्टिंग स्क्रायबस.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “अरे हां. ती स्मरणिका.”

झालं होतं असं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने स्मरणिकेची फाइल पाठवली, ती स्क्रायबस (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) १.६ मध्ये केलेली. बुकवर्ममध्ये स्क्रायबस १.५.८. फाइल धड उघडेना. नेटवर कुठेतरी वाचून पोराने टेस्टिंगची ओळ रेपोंच्या यादीत टाकली, स्क्रायबस आणलं, काम झालं, आणि नंतर शहाणपणाने ती ओळ काढूनही टाकली. स्मरणिका वेळेत गेली. ओळ गेली, पण तिच्यातून आलेला माल मशीनवरच राहिला. आणि ती ओळ नसल्यामुळे त्या मालाचं पुढचं अपडेट कुठूनच येणार नव्हतं.

एक स्क्रायबस आणायला सत्तर पॅकेजं का यावीत? डेबियनचा माल कसा लावलेला असतो त्यात याचं उत्तर आहे.

डेबियनच्या सर्व्हरवर दोन मुख्य फोल्डर. ‘पूल’ म्हणजे गोदाम, तिथे डेब फाइली सोर्सच्या नावाच्या आद्याक्षराने रचलेल्या (‘लिब’ने सुरू होणारी नावं इतकी आहेत की त्यांच्यासाठी चौथं अक्षर बघून वेगळे कप्पे केलेत). ‘डिस्ट्स’ म्हणजे याद्या. बुकवर्मची यादी, ट्रिक्सीची (त्याच्या पुढचं डेबियन १३), टेस्टिंगची, सिडची (सगळ्यात ताजा, अजून न पारखलेला माल). गोदाम सगळ्यांचं एकच, एखादी डेब एकाच वेळी दोन याद्यांतही असू शकते. म्हणजे फाइल कुठे पडली आहे याला महत्त्व नाही, ती कुठल्या यादीत आहे याला आहे. आणि एका यादीतला माल एकमेकांशी जुळलेला असतो. नवं पॅकेज आधी सिडमध्ये येतं, तातडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवस तिथे काढतं, आणि त्याच्यामुळे बाकीचं काही मोडत नाही असं दिसलं तरच टेस्टिंगच्या यादीत शिरतं.

तिथलं स्क्रायबस तिथल्याच लायब्ररींवर कंपाइल झालेलं. नव्या लिबसीवर बांधलेल्या बऱ्याच सी आणि सी++ प्रोग्रॅमनी आकडा वाचण्याचं साधं फंक्शन वापरलं, तरी त्यांना निदान २.३८ लागते. म्हणून एक प्रोग्रॅम उचलला की त्याच्याबरोबर लिबसी, क्यूटी, पॉपलर अशा लायब्ररींचा सगळा गोतावळा आला. लिबसीचा आणखी एक नियम आहे: ६४ बिटची आणि ३२ बिटची लिबसी एकाच मशीनवर नांदायची असेल तर दोघींची आवृत्ती अक्षर न अक्षर सारखी हवी. ६४ वाली २.४०, आणि ३२ वाली आता फक्त २.३६ मध्ये मिळणार. म्हणून वाइन३२ नाही, प्रिंटर नाही. ‘बिल्ड-इसेन्शियल’मागे असलेल्या ‘लिबसी६-डेव्ह’लाही नेमकी तीच आवृत्ती लागते, म्हणून कंपायलरही नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ १९ जानेवारीच्या त्या एका ओळीत.

लोक भलत्याच मिश्रणाला घाबरतात. मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि डेबियन १२ पासून वेगळा काढलेला नॉन-फ्री-फर्मवेअर, हे कप्पे परवान्यानुसार पाडलेले आहेत. एकाच रिलीजचे हे चारही कप्पे खुशाल एकत्र वापरा, काही होत नाही. घोळ होतो तो दोन रिलीज मिसळल्यावर. आणि पिनिंगची (कुठल्या रेपोला कुठला आकडा ते ठरवणारी) फाइल लिहून टेस्टिंगचा आकडा १०० वर आणला म्हणजे आपण सुरक्षित, हाही गैरसमजच. पिनिंगमुळे आपोआप होणारे अपग्रेड थांबतात. ‘-टी टेस्टिंग’ म्हणून आपणच बोलावल्यावर लिबसी यायची ती येतेच.

बाहेर पडायचे रस्ते दोन. मागे जायचं किंवा पुढे.

मागे जाणं म्हणजे पिनिंगमध्ये बुकवर्मला १००१ देऊन सगळं खाली उतरवणं. एखाददुसऱ्या साध्या प्रोग्रॅमसाठी मी हे केलंय आणि जमलंय. पण डेबियन डाउनग्रेडची हमी देत नाही, आणि लिबसी म्हणजे मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जिच्यावर उभा आहे ती. नव्या लिबसीवर बांधलेलं एक जरी महत्त्वाचं पॅकेज मागे राहिलं तरी ते सुरूच होणार नाही. चालू छापखान्याच्या मशीनवर, तेही फोनवरून? मी हात लावला नाही.

पुढे जायचा रस्ता आमच्या नशिबाने नुकताच उघडला होता. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३, ट्रिक्सी, स्थिर म्हणून बाहेर पडलं. त्यात लिबसी २.४१, म्हणजे आमच्या २.४० च्या वर. टी६४ वाली नावं तिथली अधिकृत नावं, स्क्रायबसही १.६ चंच. जानेवारीत भलत्या यादीतून आलेला माल आता आपोआप रीतसर ठरणार होता. ट्रिक्सीत निव्वळ ३२ बिटच्या मशीनसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर राहिलेला नाही, पण ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरत्या लायब्ररी आहेत, आम्हाला तेवढ्याच हव्या होत्या.

पण ऑगस्ट म्हणजे गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. सीझनमध्ये मशीन उघडायचं नाही हा मामाचा नियम, आणि तो बरोबर आहे. तोवर पीडीएफ काढून पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवरून छापलं. अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला. पितृपक्षात पत्रिका कोण छापणार? मशीन दोन दिवस मोकळं मिळालं.

क्रम असा ठेवला. आधी होम फोल्डर आणि सेटिंगांचं ‘इटीसी’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. मग अर्धवट बसलेला प्रिंटर ड्रायव्हर ‘ॲप्ट पर्ज’ करून काढला आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ काहीही बोलत नाही याची खात्री केली. अर्धवट पॅकेज घेऊन रिलीज बदलायला जाऊ नये. त्यानंतर ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डर उघडून बघितलं. लोक फक्त ‘सोर्सेस.लिस्ट’ बघतात आणि हे विसरतात. काही ब्राउझरांची वगैरे डेब टाकली की ती स्वतःची रेपोची फाइल इथे न विचारता ठेवून देते. आमच्याकडे अशा दोन निघाल्या, त्या तात्पुरत्या बंद केल्या. ‘डीएफ -एच’ने जागा बघितली, रूटवर बारा जीबी मोकळे होते, पुरेसे.

मग यादीत जिथे जिथे ‘बुकवर्म’ तिथे ‘ट्रिक्सी’, सिक्युरिटीच्या ओळीतसुद्धा. इथे ‘स्टेबल’ हा शब्द लिहायचा मोह होतो. लिहू नका. ज्यांनी तो लिहिला होता त्यांना ऑगस्टमध्ये ‘ॲप्ट अपडेट’ करताना रेपोचं कोडनेम बदलल्याचा प्रश्न आला, आणि न वाचता ‘वाय’ दाबणारे नकळत पुढच्या रिलीजच्या दारात उभे राहिले.

‘ॲप्ट अपडेट’, मग आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, मग ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये हाच क्रम आहे: पहिल्या फेरीत काहीही न काढता, नवं न आणता जेवढं वर जाईल तेवढं, उरलेलं दुसऱ्या फेरीत. दुसऱ्या फेरीआधी ‘काढणार’ची यादी मी त्याला मोठ्याने वाचायला लावली. जुन्या लायब्ररी आणि जुनी पायथन, डेस्कटॉपला धक्का नाही. मग ‘वाय’. दीड तास लागला, त्यात पाऊण तास मिरजेचं इंटरनेट. रीबूट केलं, ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ केलं, आणि ‘ॲप्ट मॉडर्नाइज-सोर्सेस’ने रेपोंच्या याद्या नव्या पद्धतीच्या ‘.सोर्सेस’ फाइलींत बदलून घेतल्या. हे शेवटचं ऐच्छिक आहे, पण त्यात प्रत्येक रेपोची माहिती आडव्या लांब ओळीऐवजी वेगवेगळ्या ओळींत मांडलेली असते, फोनवर वाचून घ्यायला सोपं.

‘ॲप्ट पॉलिसी लिबसी६’. चांदण्या २.४१ वर, खाली ५०० आणि डेबियनचा पत्ता.

उबुंटूवाल्यांसाठी दोन गोष्टी. तुमच्याकडे हा घोळ बहुधा पीपीएमुळे, म्हणजे कुणीतरी स्वतंत्रपणे चालवलेल्या बाहेरच्या रेपोमुळे, होतो. तपासण्याची पद्धत हीच, आणि निस्तरायला ‘पीपीए-पर्ज’ आहे, ते पीपीए बंद करून त्यातून आलेली पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर आणतं. दुसरं म्हणजे ‘केप्ट बॅक’ असा संदेश दिसला तर लगेच काही मोडलंय असं समजू नका. उबुंटू अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, आधी थोड्या मशीनना, मग बाकीच्यांना. ‘ॲप्ट पॉलिसी’त आवृत्तीच्या शेजारी ‘फेज्ड’ आणि टक्केवारी दिसली तर तुमचा नंबर यायचाय. थांबा. जबरदस्तीने ओढून घेण्यात फायदा नाही.

आणि पुढच्या वेळी एखादा प्रोग्रॅम खरोखरच नवा हवा असला तर? आधी बॅकपोर्ट्स बघा. तिथली पॅकेजं पुढच्या रिलीजची, पण तुमच्या रिलीजच्या लायब्ररींवर नव्याने बांधलेली असतात. त्यांच्या आवृत्तीत ‘~बीपीओ’ असतं. ती नागमोडी रेघ मुद्दाम आहे: डेबियनच्या मोजणीत ती कशाच्याही आधी येते, त्यामुळे रिलीज बदलल्यावर खरी आवृत्ती आपोआप वरचढ ठरते. तिथे नसेल तर फ्लॅटपॅक. स्क्रायबस फ्लॅटहबवर आहे, स्वतःच्या लायब्ररी स्वतःबरोबर आणतं, जागा जास्त खातं, पण तुमच्या लिबसीला हात लावत नाही. जानेवारीत त्याने मला एक फोन केला असता तर मी हेच सांगितलं असतं. पण मी तेव्हा फोन उचलला असता का, हाही प्रश्नच आहे.

ड्रायव्हर शेवटी टाकला. या वेळी ‘डीपीकेजी -आय’ नाही. आय३८६ आर्किटेक्चर आधीच जोडलेलं होतं, म्हणून थेट ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे डॉट-स्लॅश लावून फाइलीचं नाव. असं केलं की डेबला लागणाऱ्या गोष्टी ॲप्ट स्वतः रेपोतून आणतं, आणि आणता येत नसतील तर काहीही अर्धवट न बसवता आधीच नाही म्हणतं. ‘लिबसी६:आय३८६’ २.४१ आली, ड्रायव्हर बसला, टेस्ट पेज बाहेर पडलं. पाठोपाठ वाइन३२ सुद्धा, आता त्याची कुणाला गरज नव्हती तरी.

‘लोकल’च्या यादीत आता दोनच नावं आहेत, दोन्ही त्या ड्रायव्हरची. ती तिथे राहणारच. पोराने यादीचा प्रिंट काढून मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय, तिसरं नाव दिसलं की फोन करायचा असं ठरलंय.